टाकीच्या पश्चिमेला

दसरा झाला की तळमजल्यावरची सरोजा मला जिन्यात गाठते आणि विचारते, "अपना दूध का पंडुगा कब है?" पंडुगा म्हणजे तेलुगूत सण. तिच्या माहेरी किंवा सासरी कोजागिरी कुणी कधी केली नव्हती. ती तिला मालतीकाकूंकडून मिळाली. यंदाही तिने विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिचं तिलाच आठवलं. हातातली भाजीची पिशवी ती उगाच या हातातून त्या हातात करत राहिली. काकू फाल्गुनात गेल्या. मी तिला तिथी सांगितली, वर आले, आणि बराच वेळ दाराशी चपला न काढता उभी राहिले.

मालतीकाकू भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण भूगोल काही सुटला नव्हता. त्यांच्या घरात उजवं-डावं नव्हतं, दिशा होत्या. साखरेचा डबा फळीवर ईशान्येला असायचा. पोळी दक्षिणेकडून करपायची. एकदा त्यांनी मला दिवाणखान्यातून ओरडून सांगितलं की वायव्येच्या शेगडीवरचं दूध उतू चाललंय, आणि मी सूर्य कुठे उगवतो ते आठवेपर्यंत ते गेलंसुद्धा. त्यावर त्या म्हणाल्या, "पुस्तकांच्या कपाटात राहतेस, जरा पृथ्वीवर ये." मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्याला उद्देशून हा टोमणा.

आमची ओळख झाली ती मी लग्नानंतर पुण्याहून हैदराबादच्या अंबरपेठेत राहायला आले तेव्हा. त्यांचं दार आमच्या दारासमोर. त्यांचे आजेसासरे सरकारी नोकरीसाठी हैदराबादला आले आणि घराणं इथलंच झालं. यजमान सचिवालयात होते. मी आले त्याच्या आधीच ते वारले होते. काकूंच्या बोलण्यात दस्ती, परेशान, हौ, नक्को हे शब्द असे यायचे की ते मराठी नाहीत असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. मला त्या शेवटपर्यंत 'पुणेकरीण' म्हणायच्या. "तुझं मराठी इस्त्रीचं," त्या म्हणायच्या, "आमचं दोरीवर वाळलेलं. अंगाला तेच बरं."

त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा राहायचा. अनंत, घरातला अंतू. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच त्याचे केस कानांपाशी पांढरे व्हायला लागले होते. शरीराने तो वाढला होता, बाकी बरंचसं मागे राहिलं होतं. बोलायचा फार थोडं. अनोळखी माणूस आलं की तोंड भिंतीकडे. जेवायचा आईच्या हातून, झोपायचा आईचा पदर मुठीत धरून. काकू ह्याबद्दल हळवं होऊन कधी बोलल्या नाहीत. "त्याचं घड्याळ सावकाश चालतं," एवढंच.

माझ्या पहिल्या कोजागिरीला मी दूध मसाल्याचं तयार पाकीट घेऊन गच्चीवर गेले होते. काकूंनी ते हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून मागचा बारीक मजकूर पूर्ण वाचला आणि परत दिलं. "चांगलं आहे. चहात घाल."

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर त्या मला बेगम बाजारात घेऊन गेल्या. चारोळी, पिस्ता, वेलदोडा, जायफळ, केशर, सगळं एकाच मारवाडी दुकानातून. पण सरळ घ्यायचं नाही. आधी चारोळीचा एक दाणा दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे, आणि दुकानदाराने श्वास रोखून धरायचा.

"सेठ, ये चिरौंजी पिछले साल की है."

"अम्मा, आप पिछले साल भी यही बोले थे."

"पिछले साल भी पिछले साल की थी."

मग शेठ आतल्या खोलीतून दुसरा डबा मागवायचा. हे दरवर्षी असंच व्हायचं, आणि मला वाटतं तो दुसरा डबा तो त्यांच्यासाठी आधीपासूनच बाजूला ठेवत असणार. शेवटी तो विचारायचा, "छोटे सेठ कैसे हैं?" म्हणजे अंतू. काकू म्हणायच्या, "अच्छे हैं. चाँद का इंतज़ार कर रहे हैं."

ते खरं होतं. अंतूचं वर्ष कोजागिरीपाशी सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं.

दूध दुपारपासून आटत असे, कल्हई केलेल्या मोठ्या पातेल्यात. कालथा मला द्यायच्या आणि सांगायच्या, "पृथ्वी फिरते तसं ढवळ, पश्चिमेकडून पूर्वेकडे." संध्याकाळी पातेलं गच्चीवर जाई. सगळी बिऱ्हाडं आपापली भांडी घेऊन जमत. दुधात चंद्र दिसल्याशिवाय कुणी प्यायचं नाही हा नियम सगळीकडेच असतो. आमच्याकडे त्याला एक जोड होती. चंद्र दिसला की नाही हे अंतू ठरवायचा. तो पातेल्यावर वाकून बघत राही. पोरंटोरं आजूबाजूला कुजबुजत, सरोजाचे यजमान घड्याळ बघत. मग अंतू मान वर करायचा आणि म्हणायचा, "आला." तेवढा एकच शब्द. त्यानंतर पेले भरायचे.

एका वर्षी ढग होते. परतीचा पाऊस रेंगाळलेला, आभाळ राखाडी. अंतू पातेल्यापाशी बसून राहिला आणि काही म्हणेना. दुधावर साय धरली. मुलं पेंगायला लागली. शेवटी सरोजाच्या यजमानांना एक तोड सुचली. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, त्याचा दिवा लावला आणि हात उंच करून दुधात उजेड पाडायला निघाले. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. त्या वयाने मोठ्या, पण असा कुणाचा हात धरणाऱ्या नव्हेत.

"नक्को भाईसाब," त्या हळू म्हणाल्या. "त्याला फसवायचं नाही. तो माझं खरं मानतो, तुमच्या दिव्यालाही चंद्र मानायला लागेल."

दूध तसंच राहिलं. सगळे खाली गेले. मी झोपले होते आणि दारावर थाप पडली. उघडलं तर बाहेर अंतू, मागे काकू. त्यांनी पदर डोक्यावरून घेतलेला, हातात गरम केलेल्या दुधाचं पातेलं. अंतू मला म्हणाला, "आला." तो प्रत्येक दारापाशी जाऊन हेच म्हणत होता. लोक चुरगळलेल्या कपड्यांत जिन्यात उभे राहून दूध प्यायले. जिन्याच्या खिडकीतून चंद्र दिसत होता, ढगाच्या फटीत, काही मिनिटांपुरता.

कोजागिरीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. लक्ष्मी रात्री फिरते आणि विचारते, कोण जागं आहे. दुसऱ्या दिवशी मी काकूंना म्हटलं की काल तर लक्ष्मीच्या ऐवजी अंतूच विचारत फिरला. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मला कोजागिरी वर्षभर असते गं. हा लहान होता तेव्हा रात्र-रात्र झोपायचा नाही. मी मांडीवर घेऊन बसायची. वाटायचं, आता लक्ष्मी आली तर तिला सांगीन, बाई ये, दार उघडंच आहे, हवं ते ठेव आणि जा, पण पैंजण वाजवू नकोस. आत्ताच डोळा लागलाय."

आता आश्विनीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कोजागिरीला घरातल्या पहिल्या अपत्याला आई ओवाळते, ती आश्विनी. काही घरांत हे राहिलंय, बऱ्याच घरांत गेलंय. मी शेंडेफळ, त्यामुळे माझ्या वाट्याला कधी आलं नाही, आणि काकूंच्या गच्चीवर पाहीपर्यंत मला ते नीट माहीतही नव्हतं. दूध पिण्याआधी अंतूचा पाट मांडला जाई, पूर्वेकडे तोंड करून. त्याला नवा सदरा, आणि सदऱ्याला खिसा हवाच, कारण ओवाळून झाल्यावर सुपारी तो खिशात ठेवायचा आणि पुढे किती तरी दिवस चाचपून बघायचा. काकू त्याला कुंकू लावत, अक्षता लावत, अंगठी आणि सुपारी फिरवत, मग निरांजन. ज्योत तोंडाजवळ आली की त्याला भीती वाटायची, पण आईच्या हातात ताट असलं तर तो डोळे मिटून बसून राही. भाऊबीजेला त्याची धाकटी बहीण नीता ओवाळायची तेव्हाही ताटाला काकूंचा हात लागलेला असे. तो नसला की अंतू तोंड फिरवायचा.

पहिल्याच मुलाला का, असं मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं होतं, शास्त्रातलं काही सांगतील. त्या म्हणाल्या, "पहिल्यावर आपण शिकतो ना. ताप किती म्हणजे जास्त, रडणं कुठलं खरं, कुठलं खोटं. सगळ्या चुका त्याच्यावर करायच्या आणि नीताच्या वेळेला शहाणं व्हायचं. मग वर्षातून एकदा त्याला पाटावर बसवून ओवाळायला काय हरकत आहे?"

यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या कोजागिरीला म्हणे भजनी मंडळातल्या एका बाईंनी सुचवलं होतं की ताट आता दुसऱ्या कुणा सवाष्णीच्या हातात द्यावं. नीताने मला हे सांगितलं. काकूंनी त्या बाईंना बसायला पाट दिला, चहा दिला, आणि म्हटलं, "त्याचे वडील गेलेत. आई अजून आहे." आणि स्वतः ओवाळलं.

नंतर त्यांचं हृदय थकलं. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागल्या आणि थांबल्याचं कारण म्हणून खिडकीतून कुठलं तरी झाड दाखवायला लागल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, आणि नीताला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. नीता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहते, संगणकाच्या कंपनीत आहे, नवरा तिथलाच. घर मोठं आहे, उंचावर, लिफ्टचं. ती समजूतदारपणे म्हणाली की दोघंही माझ्याकडे या. काकू म्हणाल्या, आधी अंतूला नेऊन बघ, मी मागून येते. मला वाटतं त्यांना बघायचंच होतं.

अंतू तिथे दोन रात्री राहिला. राहिला म्हणजे पायात चपला घालून दाराशी बसून राहिला. नीताने भरवायला घास पुढे केला की ओठ घट्ट. तिसऱ्या दिवशी ती त्याला परत घेऊन आली, रजा काढून, डोळे सुजलेले. अंतू सरळ आत जाऊन आईच्या शेजारी बसला आणि त्याने पदर मुठीत घेतला. नीता स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने भांडी घासायला लागली. आई, तू त्याला स्वतःशी बांधून ठेवलंस, असं काहीसं ती आतून म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. सहसा येत नसत, मीच जायची. खुर्चीत बसल्या, माझ्या टेबलावरची पुस्तकं सरळ करत राहिल्या.

"नीता बरोबर बोलली," त्या म्हणाल्या. "शर्टाची बटणं लावायला शिकवलं, दात घासायला शिकवलं, चंद्र ओळखायला शिकवलं. माझ्यावाचून बसायला तेवढं शिकवलं नाही. मलाच ते नको होतं गं."

मग त्या उठल्या आणि जाता जाता दारात म्हणाल्या, "कोजागिरीला करू या सुरुवात. त्या दिवशी त्याचा मूड चांगला असतो."

त्या वर्षी ताट नीताच्या हातात होतं आणि नीताच्या हातावर काकूंचा हात. पुढच्या वर्षी काकू नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या, बोटं ताटापासून वीतभर अंतरावर. अंतू ताटाकडे न बघता आईच्या बोटांकडे बघत होता, पण बसला. त्याच्या पुढच्या वर्षी त्या त्याच्या मागे उभ्या राहिल्या, खांद्यावर हात ठेवून. ज्योत जवळ आली तेव्हा हात काढून घेतला. त्याने मागे वळून पाहिलं. त्या तिथेच होत्या. तो पुन्हा पूर्वेकडे वळला. मधल्या काळात बाकीचंही चाललं होतं. नीता दर रविवारी यायची आणि एक घास काकू, एक घास ती. मग दोन घास ती. अंबरपेठ ते कुकटपल्ली, रविवारची गर्दी, आणि येऊन चार घास. नीताने त्यातला एकही रविवार चुकवल्याचं मला आठवत नाही.

भजनी मंडळातल्या बाई पुन्हा आल्या. धाकट्या बहिणीने आश्विनी करायची नसते, हे आईचं काम, आई हयात असताना तर मुळीच नाही, असं त्यांचं म्हणणं. मला आधीचा पाट आणि चहा आठवला आणि मी काकूंकडे बघत राहिले. या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण शास्त्राला मी समजावून सांगेन. ते ऐकेल. अंतूला समजावायला वेळ लागतो."

गेल्या वर्षीची कोजागिरी. दूध मी ढवळलं, काकू खुर्चीत बसून दिशा सांगत होत्या. बेगम बाजारात मी एकटी गेले होते. शेठने न विचारता आतला डबा आणून ठेवला होता. काकूंनी एक दाणा दाढेखाली धरला आणि म्हणाल्या, "ह्या वर्षीची आहे. त्याला बरं नाही का?"

ऊन उतरल्यावर, अंतू वर येण्याच्या आधी, त्या मला घेऊन गच्चीवर गेल्या. प्रत्येक पायरीवर थांबत. गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पाण्याची सिमेंटची टाकी आहे. तिच्या मागे, पश्चिमेच्या बाजूला, त्यांनी दोन स्टुलं ठेवायला लावली. चंद्र पूर्वेला उगवेल, टाकीची सावली लांब पश्चिमेला पडेल, आपण सावलीत. अंतूचं तोंड पूर्वेला, म्हणजे आपल्याकडे पाठ. त्यांनी हे सगळं मला वर्गात समजावतात तसं हाताने दाखवून समजावलं. नीताला वाटत होतं की आई खाली आहे. अंतूला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"मला कशाला बसवता?" मी विचारलं.

"मी उठायला लागले तर धर," त्या म्हणाल्या.

मग लोक आले. आम्हाला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. पाट सरकवल्याचा आवाज. सरोजाचं पोरांना दटावणं. नीता म्हणाली, "दादा, बस. इकडे बघ." नंतर काडी ओढल्याचा आवाज, आणि गच्ची शांत झाली. मला काकूंचा श्वास ऐकू येत होता. तो बरा नव्हता.

मग अंतू म्हणाला, "आई?"

त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. काकू उठल्या नाहीत. त्यांच्या उजव्या हातात दोन बांगड्या होत्या. त्या वाजू नयेत म्हणून त्यांनी डाव्या मुठीत घट्ट दाबून धरल्या. मीच उठायला लागले. त्यांनी बांगड्या न सोडता कोपराने मला खाली बसवलं.

पलीकडून नीताचा आवाज आला. तिने त्याला आई येतेय असं सांगितलं नाही. घाबरू नकोस असंही नाही. ती म्हणाली, "आई नाहीये इथे, दादा. मी आहे. मी ओवाळते." तिने खोटं सांगितलं नाही.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग निरांजनाच्या ताटात अंगठी किणकिणल्याचा बारीक आवाज आला, एकदा, आणि पुन्हा एकदा. नंतर सरोजा हळूच म्हणाली, "बैठा है अम्मा, बैठा है," जणू काकू कुठे आहेत ते तिला ठाऊकच होतं. आणि बऱ्याच वेळाने, पातेल्यावर वाकून म्हटल्यासारखा, अंतूचा आवाज, नेहमीचाच: "आला."

पेले वाजायला लागले. पोरं बोलायला लागली.

आता अंतू नीताकडे असतो. जेवतो. संध्याकाळी थोडा वेळ चपला घालून दाराशी बसतो, मग कुणी न सांगता चपला काढून आत येतो, असं नीता सांगते. परवा तिचा फोन आला की कोजागिरी अंबरपेठेतच करायची, दादाला ती गच्ची हवी आहे. तिने नवा सदरा आणलाय, खिशाचा. मी बेगम बाजारात जाऊन आले.

त्या कोजागिरीनंतरही मी काकूंना रोज पाहत होते. पुढे दवाखान्यातही पाहिलं, नळ्या लावलेल्या, आणि शेवटी जसं पाहावं लागतं तसंही. पण मला त्या दिसतात त्या टाकीच्या मागे. अंतू "आला" म्हणाला तेव्हा मी म्हटलं, चला काकू, आता जाऊ या. त्यांनी मान हलवली. "दूध पिऊन होऊ दे त्याचं," त्या कुजबुजल्या. चंद्र वर चढत होता आणि टाकीची सावली हळूहळू आखडत आमच्याकडे येत होती. चांदणं आधी त्यांच्या चपलांवर आलं, मग लुगड्याच्या काठावर. पलीकडे अंतू कशाला तरी हसला. काकूंनी आवाज न करता पाय आत ओढून घेतले, स्टूल टाकीच्या भिंतीला अगदी चिकटवलं, आणि उरलेल्या सावलीत अंग चोरून ऐकत बसल्या.